थोरले भाऊजी आणि गळकी मोटार

थोरले भाऊजी माझ्याशी कधी थेट बोलले नाहीत. मीही त्यांच्याशी बोलत नव्हते. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरापुढं तोंड उघडायचं नाही, अशी आमच्या घरची रीत होती. काही सांगायचं झालं की ते सासूबाईंना सांगत. "माय, मीठ कमी पडलं म्हणावं," असं ते म्हणत, तेव्हा मी तिथंच परात घेऊन उभी असे.

बदनापूरला रस्त्याच्या कडेला, घराला लागूनच त्यांची शेड होती. जीप, ट्रॅक्टर, सगळं तिथं यायचं. लोक त्यांना मिस्त्री म्हणत. गाडीला हात लावण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारत, बोनेटवर हलकी थाप मारत आणि विचारत, "बोल बाई, कुठं दुखून राह्यलं?"

जालन्याच्या एका मारवाडी शेठजींनी मुंबईहून जुनी विलायती मोटार आणली होती. लाल, ठेंगणी, दोनच माणसांची. तिचं छप्पर दोन तुकड्यांचं, हातानं काढून मागं डिकीत ठेवता यायचं. उन्हाळाभर शेठजी उघड्या गाडीतून हौसेनं फिरले. पाऊस लागला आणि छप्पर लावूनही गाडी आत गळायला लागली. त्यांचा ड्रायव्हर सोपान, टेंभुर्णीचा, गाडी घेऊन भाऊजींकडं आला.

भाऊजींनी रबरं बदलली. जिथं फट दिसली, भोक दिसलं, तिथं लांबी, म्हणजे काचा बसवायला वापरतात तो चिकट लगदा, भरून बुजवलं. आम्ही धाब्याच्या घरातली माणसं. माळवद गळलं की वर माती टाकायची आणि बुजवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

पुढच्या मोठ्या पावसात गाडीत पहिल्यापेक्षा जास्त पाणी साचलं. शेठजी स्वतः आले.

"मिस्त्री, ये क्या काम केलं तुम्ही?"

"माझं काम बराबर हाय शेठ. छपराच्या कड्या नीट लावल्या नसतील."

सोपान बाजूलाच उभा होता. "देवाशपथ मिस्त्री, लावल्या व्हत्या. वढून पाह्यल्या मी."

"मंग पाणी काय मी आणून वतलं?"

शेडमधली माणसं हसली. सोपानही कसनुसं हसला. आठवड्याच्या आत शेठजींनी त्याला कामावरून काढलं.

नवा ड्रायव्हर आला. त्याच्याही हातात गाडी तशीच गळली आणि परत आमच्या दारात आली. या वेळी भाऊजींनी ती शेडमध्ये घेतली आणि म्हणाले, "माय, आत कुणीतरी बसाया पाहिजे. मी वरून पाणी घालतो. कुठून येतं ते आतल्यानं पाहावं."

सासूबाईंचे गुडघे त्या ठेंगण्या गाडीत जाईनात. मग मीच डोक्यावर पदर घेऊन आत बसले. भाऊजींच्या सांगण्यावरून घरातली कोरडी रांगोळी सीटवर आणि कडेकडेनं भुरभुरवली, म्हणजे पाण्याचा ओघळ उमटेल. काचा बंद. भाऊजी झारीनं बाहेरून थोडंथोडं पाणी घालत. थेंब दिसला की मी त्या बाजूच्या काचेवर बांगड्या वाजवायची. सासूबाई ओट्यावरून ओरडायच्या, "अरे, डावीकडं वाजवून राह्यली! तुझं ध्यान कुठंय?"

"वाजवू दे. पाणी पडतं तिथून शिरत न्हाई, माय. पाणी खोटं बोलत न्हाई, पण सरळबी बोलत न्हाई."

रबरांतून फारसं काही येत नव्हतं. रांगोळीवरचा ओघळ सीटच्या मागून, कोपऱ्यातून येत होता. भाऊजींनी तिथलं अस्तर उचकटलं. छपराच्या कडेखाली एक बारीक पन्हाळ निघाली. तिच्या टोकाला भोक, आणि भोकाला खाली उतरणारी नळी. रबरातून थोडं पाणी येणारच, हे गाडी घडवणाऱ्यांनी धरलं होतं आणि त्याला बाहेर जायला वाट ठेवली होती. त्या भोकात लांबी ठासून भरलेली होती. लांबीवर अंगठ्याचा ठसा होता, मधोमध आडवा व्रण. भाऊजींचा अंगठा तरुणपणी पंख्याच्या पात्यानं तसाच कापला होता.

ते जमिनीवर बसले. मी गाडीतून उतरले. सासूबाई आत चहाला गेल्या होत्या, सांगायला मध्ये कुणी नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग सोपानदादाचं काय?"



त्याच दिवशी ते जालन्याला गेले आणि शेठजींच्या दुकानात सगळ्यांसमोर चूक आपली होती असं सांगून आले. शेठजी म्हणाले, "छोडो मिस्त्री, नवा आदमी बराबर हाय." दुसऱ्या दिवशी भाऊजी एसटीनं टेंभुर्णीला गेले. परत आल्यावर उंबऱ्यावर बसून सासूबाईंना सांगत होते. मी आत भाकरी थापत होते.

"सोपान म्हणला, नोकरीचं राहू द्या, माझ्या बापाला तेवढं सांगा. बाप बहिरा हाय, माय. हळू सांगितलं तर ऐकू येईना. मंग वरडावं लागलं. चूक माझी व्हती, तुमच्या पोराची न्हाई! सगळी गल्ली दारात आल्ती."

"मंग म्हातारा काय म्हणला?"

"म्हणला, मी ह्याला रोज टाकून बोललो. ते आता कसं परत घेऊ?"

"आन् सोपान?"

"मान खाली घालून बसला व्हता, जशी काय त्याचीच चोरी उघडी पडली. बायकोला म्हणला, मिस्त्रीला वाढ. दुधात भाकर कुस्करून दिली तिनं. चार शिव्या दिल्या असत्या तर गिळल्या असत्या मी."

त्यानंतर शेडवर कुणी आपल्या ड्रायव्हरचं गाऱ्हाणं सांगायला लागलं की भाऊजी हातातला पाना खाली ठेवायचे. "त्याला बोलवा आधी. त्याच्यासमोर सांगा."

सोपानला पुन्हा चांगल्या घरची गाडी मिळाली नाही, असं कानावर आलं. भाऊजींनी दोन-तीन ठिकाणी त्याच्यासाठी शब्द टाकला होता. लोक हो म्हणायचे आणि विसरायचे.

दूधभाकर मात्र भाऊजींनी पुन्हा खाल्ली नाही. शेवटच्या आजारात दुसरं काही पचत नव्हतं, तेव्हा मी रोज वाटी त्यांच्या उशाशी ठेवायची. ते हातानं ती बाजूला सारायचे. खा म्हणून सांगावंसं वाटायचं. सांगितलं नाही. मी एकदाच बोलले होते, त्याचं एवढं झालं होतं.