हुक मालकाच्या हातून

मंगरूळपीरहून वाशीमकडे निघालं की एका फाट्यावर चहाच्या टपरीशेजारी पिवळी क्रेन उभी दिसते, आणि तिच्या सावलीत खाट टाकून बसलेला हरिसिंग राठोड दिसतो. मिशा पिळलेल्या, डोक्याला लाल रुमाल, आणि आवाज असा खणखणीत की टपरीवाला म्हणतो, याले फोन कायले लागते? कोणाची गाडी बंद पडली, नालीत गेली, पलटी झाली, की टोचन करायला, म्हणजे ओढून न्यायला, हरिसिंगलाच बोलावतात. तो येतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो, साखळी सोडतो आणि लोखंडी हुक उचलून सरळ मालकाच्या हातात देतो.

"लावा," म्हणतो.

मालक भांबावतो. आता तुम्हीच सांगा, एक तर गाडी मोडलेली, कपडे मातीत माखलेले, वरून हा बाबा हातात धोंड्याएवढं लोखंड देऊन राह्यला! "अरे भाऊ, तू लाव ना, तुहंच काम हाये हे." पण छे! जागा हरिसिंग दाखवणार, हुक गच्च बसला का ते ओढून पाहणार, पण तो अडकणार मालकाच्याच हातानं. मग दुसरा प्रश्न, "कुठं नेऊ?" मालक म्हणेल रिसोड, तर रिसोड. मालक म्हणेल घरी, तर घरी.

ही रीत त्याच्या बापाची. बाप बैलांचा व्यापारी होता. बाजारात सौदा ठरला, पैसा हातावर टेकवला, तरी बैल आपला होत नसे. विकणाऱ्यानं स्वतः कासरा तुमच्या हातात दिला, की मग झाला. "कासरा हाती आल्याबिगर बैल हालवला तं ते चोरीच व्हय," असं बाप पोराला बजावी. पोरानं बैल काही केले नाहीत. ऊसतोडीला गेला, तिथं ट्रॅक्टर शिकला, मग ट्रकवर बसला. एक जुनी क्रेन विकायला निघाली तेव्हा बायकोनं, रंजीतानं, माहेरची चांदी मोडून ती घेतली. म्हणून गाडीचे कागद रंजीताच्या नावावर आहेत. त्यांच्या बंजारा तांड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळेच विसरले होते. लोक हरिसिंगची क्रेन म्हणत, आणि हरिसिंगही तसंच म्हणे.

त्याच रस्त्यावर मदनसिंगचीही एक क्रेन फिरते. त्याचा कारभार उलटा. आधी उचलायचं, मग बोलायचं. गाडीवाला पाणी प्यायला गेला असेल तेवढ्यात त्याची गाडी मदनसिंगच्या ओळखीच्या गॅरेजात जाऊन पडलेली, आणि मग सोडवायला गयावया करत बसा! अशा लोकांपायी सगळ्या टोचनवाल्यांचं नाव खराब झालं होतं. गिधाडं म्हणत लोक, तोंडावर म्हणत. हरिसिंगच्या अंगाचा तिळपापड होई.

म्हणून राज्याचे टोइंगचे नवे नियम आले, तेव्हा त्याच्याइतका आनंद कोणालाच झाला नसेल. टपरीवर एकानं मोबाईलवरून ते मोठ्यानं वाचायला घेतले. क्रेनवाल्याला परवानगी लागेल. दराचा फलक लावावा लागेल. गाडी उचलण्याआधी मालकाची संमती घ्यावी लागेल, आणि मालक सांगेल तिथंच गाडी न्यावी लागेल. एवढं ऐकलं आणि हरिसिंगनं मांडीवर थाप मारली.

"पाह्यलं काय? माह्या बापाची रीत सरकारनं कायदा केली!"

मग काय, सगळ्यांना चहा, वर भजे. त्या गोंधळात पुढचं वाचायचं राहून गेलं. घरी जाऊन त्यानं परवानगीचा अर्ज भाकरी थापत बसलेल्या रंजीतापुढं धरला.

"काय हाये हे?" तिनं विचारलं.

"तुले काय कराचं? सही कर."

तिनं पिठाच्या हातानंच सही केली, आणि कागदावर पिठाचा ठसा उमटला.

अर्ज गेला. परवानगी यायची होती, तेवढ्यात ते पिकपचं झालं.

भर दुपारी वळणावर सोयाबीननं भरलेलं पिकप आडवं पडलं. जीव कोणाचा गेला नाही, पण ड्रायव्हरचा पाय मोडला. मालक गाडीतच होता, तो ड्रायव्हरसोबत ॲम्ब्युलन्समध्ये बसून वाशीमच्या दवाखान्यात गेला. रस्ता दोन्हीकडून बंद. प्रसेनजित नावाचा तरुण पोलीस घामाघूम होऊन उभा होता. हरिसिंगची क्रेन आली तसा त्याचा जीव भांड्यात पडला.

"काका, ओढा लवकर."

"मालक कुठं हाये?"

"दवाखान्यात गेला. फोन उचलत नाही."

"मंग येऊ द्या त्याले."

"अहो, मी सांगतो ना!"

"तुमी मालक हाये काय?" हरिसिंगनं छाती काढली. "संमती पाह्यजे, साहेब. आता तं कायदाच हाये." आणि गडी क्रेनच्या पायरीवर मांडी ठोकून बसला.

ऊन रणरणत होतं. मागं एसटीच्या गाड्या, काळीपिवळ्या जीपा, बकऱ्यांनी भरलेला एक टेम्पो, सगळे तुंबले. लेकरं रडायला लागली. लोक शिव्या घालत होते, कोणी फोटो काढत होते, आणि हा आपला मिशीवर ताव देत बसलेला. अरे, खऱ्यानं वागणारा माणूस एकदा का आडमुठेपणावर आला, की लबाडही बरा म्हणायची पाळी येते!

मागच्या एका बसमधून पिशवी काखेत मारून एक बाई उतरली. बहिणीला भेटायला वाशीमला निघालेली. कोणत्या शहाण्यानं रस्ता अडवला ते पाहू, म्हणून ती तरातरा पुढं आली आणि शहाणा पाहून जागीच थबकली. ती रंजीता होती.

"तुमी?"

"मालक नाई ना इथं. कायदा..."

"कायद्याचं राहू द्या. तांड्यात कोणाचा चुकार बैल पिकात घुसला अन् मालकाचा पत्ता नसला, तं कासरा कोण धरे?"

हरिसिंगनं मिशीवरचा हात खाली घेतला. उत्तर त्याला पाठ होतं. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, धरे, मालक येईपर्यंत. आणि रंजीताचा बाप सेवालाल मरेपर्यंत तांड्याचा नायक होता.

"माहा बाप धरे," तीच म्हणाली. "त्याले कोणी चोर म्हटलं काय? का पीक खाऊ द्याचं बैलाले, मालक येतपर्यंत? तुमी अर्धीच रीत शिकले." असं म्हणून तिनं दोन्ही हातांनी हुक उचलला आणि प्रसेनजितपुढं धरला. "घ्या, साहेब. या रस्त्याचे नायक तुमी."

प्रसेनजितनं हुक अडकवला. हरिसिंग मुकाट्यानं केबिनमध्ये चढला. पिकप उभं राहिलं, रस्ता मोकळा झाला. पण व्हायचं ते होऊन बसलं होतं. पायरीवर बसलेल्या हरिसिंगच्या फोटोसकट तक्रार वर पोचली होती, आणि उशीर झाला म्हणून रंजीता बहिणीकडं न जाता घरी परतली.

वाशीमच्या परिवहन कार्यालयातल्या मॅडमचा निरोप आला. क्रेनच्या मालकानं आणि चालकानं हजर राहावं, परवानगीचा निर्णय त्यानंतर. मदनसिंगनं टपरीवर सांगून टाकलं, हरिसिंग आता परत कोयता घेते. ते बोलणं हरिसिंगला झोंबलं, कारण ते खरं होऊ शकत होतं. परवानगी नाकारली तर क्रेन भंगारात आणि नवराबायको ऊसतोडीच्या फडात. पण घाबरला तर तो हरिसिंग कसला! दोघं क्रेन घेऊनच निघाले आणि वाटभर तो रंजीताला ऐकवत राहिला, मॅडमपुढं असं ठासून सांगतो, तसं ठासून सांगतो.

मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फोटो पुढं सरकवला.

"हे तुम्हीच ना?"

"मीच हावो. चुकी माहीच हाये, मॅडम, शंभर टक्के. पण रीत चुकीची नाई. मी ते अर्धी पाळली, एवढंच."

"नियमात दुसरी अर्धी आहे. मालक हजर नसेल आणि रस्ता अडला असेल, तर पोलिसांच्या सांगण्यावरून गाडी हलवायची. संमतीच्या लगेच खाली लिहिलंय. वाचलं नाहीत?"

"संमतीपर्यंत आयकलं," हरिसिंग म्हणाला. "मंग भजे आले."

मॅडमना हसू आवरलं नाही. त्यांनी अर्ज समोर ओढला. "बरं. या क्रेनचे मालक कोण?"

"मी," हरिसिंग ठणकावून म्हणाला.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. तोंडातून शब्द गेल्यावर त्यालाही उमगलं.

"रंजीता हरिसिंग राठोड," मॅडमनी वाचलं आणि मान वळवली. "तुम्ही ना? परवानगी तुमच्या नावानं निघेल. गाडी कोणाच्या हाती द्यायची ते तुम्ही सांगायचं. यांच्या हाती देता?"

रंजीतानं आधी पदर सारखा केला. आणि त्या तेवढ्या वेळात हरिसिंगचे कान तापले. रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या हातात हुक दिल्याशिवाय त्यानं कधी स्कूटरसुद्धा हलवली नव्हती. पण ही क्रेन? चावी त्यानं विकणाऱ्याकडून परस्पर घेतली होती आणि खिशात घातली होती. हिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. अर्जावर सहीसुद्धा भाकरी थापता थापता उरकून घेतली होती. बापानं पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं? लाज वाटली त्याला, चारचौघांत लाज वाटली. त्यानं खिशातून चावी काढली आणि रंजीताच्या तळहातावर ठेवली.

"तूच सांग," तो म्हणाला. पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला होता.

रंजीतानं मूठ मिटली. मॅडमना म्हणाली, "देईन यायलेच. माही चांदी मी दुसऱ्याच्या हाती कायले देऊ? पण नियमाचा पूरा कागद मले द्या. मी शेवटपर्यंत वाचीन, अन् यायले आयकवीन."

मॅडमनी कागद दिला आणि अर्जावर मंजुरीची सही केली. पिठाचा डाग तिथंच होता.

दोघं बाहेर आले. हरिसिंग सवयीनं क्रेनच्या दाराशी गेला, हात खिशात घातला आणि थांबला. चावी रंजीताच्या मुठीत होती, आणि ती काही घाईत दिसत नव्हती. त्यानं रुमाल काढून कपाळ पुसलं, पुन्हा बांधला, मिशी सारखी केली आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"कुठं नेऊ?" त्यानं विचारलं.

"बहिणीकडं," ती म्हणाली. "त्या दिशी जायाचं राह्यलं होतं." आणि तिनं चावी त्याच्या हातात दिली.