तांब्यावरची चार बोटं

हॉस्पिटलमधल्या त्या शेवटच्या संध्याकाळी मी यांचा हात हातात घेतला, तर क्षीण आवाजात म्हणाले, "हात पुसलास का?" मला हसू आलं. महिना उलटून गेला, पण माझ्या तळहाताला अजून तो हात हवा असतो...

लग्न होऊन मी चिंचवडला आले, तेव्हा सगळीकडे नवे कारखाने उभे राहत होते. यांची भोसरीत पत्र्याची शेड होती. झिजलेल्या शाफ्टवर वितळलेल्या धातूचा फवारा मारून ते पुन्हा भरून द्यायचे. त्या कामाचं सोवळं भारी कडक! आधी वाळूच्या माऱ्यानं धातू खरखरीत करायचा, आणि मग त्याला उघडा हात लावायचा नाही. बोटांचं तेल लागलं की लेप सुटलाच. हे सोवळं घरीही आलं. फुलपात्र काठाला धरायचं, फोटो कोपऱ्याला. "मलाही कडेनंच धरा हं!" असं मी चिडवलं की यांचे कान लाल व्हायचे. हात मात्र पुढे यायचा नाही. मी वाट बघायचे.

ऐंशी सालानंतर एका प्रयोगशाळेचं काम आलं. सूर्यातली आग म्हणे यंत्रात पेटवायची होती. त्या आगीसमोरच्या तांब्याच्या पट्ट्यांना टंगस्टनचा लेप हवा होता. हे जेवतानाही त्याच पट्ट्यांबद्दल बोलायचे. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर मला दिवस गेले, तेही तेव्हाच.

बाळंतपणाच्या दिवशी निरोप घेऊन शेडमधले कोंडिबा धावत गेले. "सायेब, पोरगी झाली! दोगी बी बऱ्या हायेत." आणि सोवळ्यातला हा माणूस लेपासाठी तयार केलेल्या पट्टीवर उघडा पंजा टेकून उभाच राहिला. आनंदात त्यांच्याही ते लक्षात आलं नाही. लेप चढला, छान दिसला. तापवून पाहिला, तेव्हा मात्र नेमका चार बोटांच्या जागी सुटला आणि खालचं तांबं उघडं पडलं. यांनी प्रयोगशाळेला दुसरी पट्टी करून दिली. ही घरी आणून खिडकीत ठेवली.

परवा आवराआवर करताना लेकीनं विचारलं, "आई, हे भंगारात द्यायचं?" मी तिच्या हातातून पट्टी ओढूनच घेतली. आता दुपारी ती मांडीवर घेऊन बसते. उघड्या तांब्यावर बोटं ठेवते. बसत नाहीत नीट, यांचा पंजा मोठा होता...

आणि हात मुद्दाम पुसत नाही.