लंडनच्या भुयारात अण्णांची छत्री

"अण्णा, छत्री मिटा! उघडी छत्री गाडीच्या दारातून शिरायची नाही!" मी बोंबलत होतो आणि अण्णा ढिम्म.

आज कुंभकोणमच्या स्टेशनात इंजिनाचा धूर नाकात गेला आणि मी आठवणीत थेट लंडनच्या त्या भुयारी स्टेशनात जाऊन पडलो. तेव्हा आम्ही दोघे भाऊ तिथल्या एका व्यापाऱ्याला आमच्या तिरुभुवनमचं रेशीम दाखवायला निघालो होतो. गाडी चुकली की सौदा बुडाला. पण अण्णांच्या झोळीत स्वामीमलैच्या मूर्तिकारांनी ओतलेला पंचधातूचा विठोबा, आणि वर जमिनीवर अख्खं लंडन बूट घालून चालतंय!

"देवाच्या डोक्यावरून बूट जाऊ देऊ काय रे?" म्हणत अण्णांनी छत्री उघडली होती.

ती पाहून शेजारच्या साहेबाला वाटलं, छत गळतंय. त्यानेही आपली उघडली. मग मडमांनी. बघता बघता पाताळात हजारभर छत्र्या फुलल्या. इंजिनवाल्यानेसुद्धा उघडली, विठोबाशपथ! शेवटी गार्डाने हात टेकले आणि अण्णांना छत्रीसकट आपल्या डब्यात घेतलं.

तेव्हा मी लाजेने अर्धा झालो होतो, आज हसून पोट दुखतं. घरी परतल्यावर वहिनीने भीत भीत विचारलं, "तिकडचे लोक सोवळं पाळतात का हो?"

"आपल्यापेक्षा कडक," अण्णा म्हणाले.