दुसरी मूठ

तार आली तेव्हा मी पापनाशमच्या मुलींच्या शाळेत पाढे म्हणवून घेत होते. सतरा चोक अडुसष्टपाशी पोस्टाचा शिपाई दारात उभा राहिला. अंबूवैनी पहाटे गेल्या, निघून ये, एवढाच मजकूर. मी मुलींना पाढा पुरा करायला लावला, कारण अर्धवट टाकलेलं काम वैनींना खपत नसे, आणि मग खुर्चीत बसून रडले. त्याला आता दोन महिने होत आले. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची बायको. वय झालं होतं, पण अंथरूण धरलं नाही. आदल्या रात्री ताकभात जेवून निजल्या त्या उठल्याच नाहीत. अशा मरणाला नावं ठेवायला जागा नाही. तरीही...

आमचं घर तंजावरात, राजवाड्यामागच्या गल्लीत. राज्य खालसा झालं तेव्हा आजोबांची चाकरी गेली, पेन्शन होती तीही त्यांच्याबरोबर संपली, आणि पुढच्या पिढीला कंपनीच्या नाही तर राणीच्या कचेरीत लेखणी घासणं आलं. अण्णा तालुका कचेरीत कारकून होते. जर्मन लढाई सुरू झाली तसे तांदूळ, घासलेट, सरपण सगळ्यांचेच भाव चढले, पगार मात्र होता तिथेच. दुपारी गल्लीतल्या बायका तिण्ण्यावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, तांदूळ निवडत बसत आणि महिन्याकाठी कोणाकडे किती उरतं याच्या गोष्टी करत. कोणी पाच रुपये सांगे, कोणी सात. इतकं उरत होतं तर त्याच बायका पंधरवड्याला वाटीभर तेल मागायला कशा येत, ते देवालाच ठाऊक. वैनी गप्प राहून खडे वेचत. अण्णांना विचारलं तर ते म्हणत, “शिल्लक? वीस तारखेला पगाराची शिल्लक मीच असतो.”

त्याच दिवसांत, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, कपाळ पुसून मी भावाच्या घरी परत आले. विधवेला तेव्हा एकच वेळचं जेवण. तरी महागाईत एक तोंड वाढलं ते वाढलंच. अण्णा, वैनी मला काही बोलले नाहीत, पण न बोलणाऱ्यांच्या घरात माणूस जास्तच ऐकू लागतं. आमच्याकडे तांदूळ धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून देवाच्या मडक्यात टाकायची रीत होती. महिन्याअखेर मठातला माणूस येऊन ते तांदूळ घेऊन जाई. लढाईत पुष्कळ घरांनी ही मूठ बंद केली. वैनींनी नाही केली. मी आल्याच्या आठवड्यात मात्र त्यांनी फळीवर एक नवं मडकं मांडलं, आणि देवाची मूठ काढून झाली की त्या दुसरी मूठ काढून त्यात टाकू लागल्या.

मी ते पाहिलं आणि मनाशी हिशेब जुळवला. मी आले आणि दुसरी मूठ निघू लागली, तेव्हा ती माझ्याच वाट्यातून निघत असणार! इतका सोपा हिशेब चुकेल कसा? मला फार लागलं. या घरात मी जास्तीची आहे, हे तोंडाने न सांगता मडक्याने सांगितलं, असं वाटलं. मग मीही मानी, ताटात निम्मा भात ठेवून उठू लागले. कधी एकादशी, कधी पोट जड, कधी नुसतंच “पुरे”. नवऱ्याच्या मागे दुसरं घर नव्हतं, हातात विद्या नव्हती. जायचं तर कुठे, हे रोज त्या उरलेल्या भाताकडे बघून ठरवायची आणि काही ठरत नसे.

महिन्याभराने वैनींनी मला चुलीपाशीच धरलं.

“तुळजे, ताटांत भात का ठेवतेस गं?”

“भूक नाही.”

“महिनाभर भूक नाही? ऊठ, वैद्याकडे जाऊं.”

वैद्य म्हणजे आणखी खर्च. माझा बांध फुटला. “मी येऊनु तुमचं तांदूळ, सरपण, अस्कं महाग झालं, वैनी. मजसाठी तुम्ही दुसरी मूठ काढतां. मज दिसतं ते.”

वैनी पाटावर बसल्या. मला वाटलं, आता जवळ घेतील. कसलं काय!

“ऐयो देवा! तू ठेवलेला भात कुठं गेला माहीत आहे का तुज? शेजारच्या गाईच्या पोटांत! मी मुठीमुठीनं जमवते, अन् तू ताटंच्या ताटं गाईला घालतेस!” मग मडक्यावर हात ठेवून हळू बोलल्या, “ही तुझीच मूठ गं. तुझ्या ताटांतली नव्हे, तुझ्या नावाची. माझ्या अन् तुझ्या अण्णांच्या वाट्यांतली. तुज मास्तरीण व्हायचं होतं ना?”

लहानपणी कधीतरी मी तसं म्हटलं होतं. मी विसरले होते, त्या विसरल्या नव्हत्या. मी तिथेच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या दिवशी मी दोनदा भात मागून घेतला.

पुढे दोन वर्षं ते मडकं दर अमावास्येला परसदारी रिकामं होई. कोपऱ्यावरची इडलीवाली तांदूळ घेऊन पैसे देई. कारकुनाच्या बायकोने तांदूळ विकले हे गल्लीत कळलं असतं तर अण्णांना मान वर करून चालता आलं नसतं, म्हणून सगळं गुपचूप. महिन्यातले तीन दिवस वैनी बाहेर बसत आणि स्वयंपाक माझ्याकडे येई. माझी मूठ त्यांच्याहून चांगली मोठी. मला वाटायचं, जितकं जास्त तितकं बरं. पण चौथ्या दिवशी त्या मडक्यात डोकावत आणि जास्तीचे तांदूळ उपसून परत डब्यात टाकत. “खाणाऱ्याला कळली की ती शिल्लक नव्हे, उपास,” असं त्यांचं म्हणणं. तिण्ण्यावरच्या पाच नि सात रुपयांवर त्या कधी काही का बोलल्या नाहीत, ते मला तेव्हा समजलं.

तिरुच्चीच्या शिक्षिकांच्या शाळेत मला पाठवायची गोष्ट त्यांनी काढली तेव्हा अण्णा म्हणाले, पैसा कुठे आहे? वैनींनी ताटात नाणी ओतली.

“हे कुठलं?”

“तुम्ही न खाल्लेला भात.”

“मी तर रोज पोटभर जेवतो!”

“तेंच मणते मी.”

अण्णांनी ताटातली नाणी बोटाने चाळली आणि ते हसत सुटले. गल्ली बोलली, बोलून दमली. गाडीभाडं, पुस्तकं, पहिल्या काही महिन्यांचं जेवण, एवढं त्या ताटात निघालं. पुढचं मी निभावलं. पंचवीस वर्षं झाली, माझी भाकरी मी कमावते, सुट्टीत हक्काने त्या घरी जाते. अण्णा सहा वर्षांपूर्वी गेले, आणि आता वैनी.

तेरावा झाल्यावर वैनींच्या सूनबाईंनी विचारलं, “अत्ते, तुमच्या वैनींची आठवण म्हणूनु काय होणं तुम्हांस?” मी दुसरं मडकं मागितलं. जुन्या लुगड्यात गुंडाळून, गाडीत मांडीवर घेऊन पापनाशमला आणलं. आता पुन्हा लढाई आहे, पुन्हा भाव चढलेत, आणि शाळेतल्या बायका मधल्या सुट्टीत एकमेकींना विचारतात, महिन्याला काय उरतं? मीही गप्पच असते.

सकाळी तांदूळ काढते. एकटीचे कितीसे असणार! पहिली मूठ देवाची. मग दुसरी भरते, मडक्यावर नेते, आणि बोटं थोडी सैल करून दाणे परत खाली पडू देते, वैनींच्या मुठीएवढे उरेपर्यंत. ती कोणाच्या नावाची, ते अजून ठरलेलं नाही.