सामानाच्या गाडीत मी बसले नाही: इतोईगावा ते नाओएत्सु, सायकलवर

या सहलीला मी रागातच निघाले. रागात प्रवास करू नये असं म्हणतात, पण वाट बघत बसले असते तर निघालेच नसते.

थोडं मागून सांगते. आम्ही तोक्योजवळ इचिकावाला राहतो. नवरा संदीप तोयोसुला एका आयटी कंपनीत, मी घराजवळच्या पाळणाघरात शिक्षिका. पाळणाघरात मी रोज सायकलनेच जाते, पाऊस असो नाहीतर थंडी. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर एका जुन्या रेल्वेमार्गाचा सायकलमार्ग केलाय, हे मला कळलं आणि मी सगळा हिवाळा त्यात घालवला. कुठे उतरायचं, कुठल्या गावात मुक्काम, कुठे दुपारी जेवण मिळेल, सगळं शोधलं. सायकल जपानी ट्रेनमध्ये तशीच चढवता येत नाही. चाकं काढून ती पूर्ण पिशवीत भरावी लागते. ते मी बैठकीच्या खोलीत दहादा करून हात बसवला.

मग संदीपने तो बेत त्याच्या मित्रांना सांगितला. एका शनिवारी दोघं जेवायला आले. मी सायकलच्या पिशव्यांबद्दल सांगत होते, तेवढ्यात भाजणीचं थालीपीठ खाता खाता हर्षद म्हणाला, "वहिनी, आम्ही तिघं सायकलवर जातो. तुम्ही आणि आमच्या दोघांच्या बायका गाडीने या ना, सामान आणि दुपारचं जेवण घेऊन. तुम्हालाही निवांत!"

मी संदीपकडे पाहिलं. तो हसला आणि म्हणाला, "खरंच, तुला झेपेल का तीन दिवस?"

मी गॅस बंद केला आणि आत जाऊन अनघाला फोन लावला. अनघा माझी मामेबहीण, क्योतोला पीएचडी करते. म्हटलं, "मेच्या दुसऱ्या आठवड्यात काय करतेयस?" ती म्हणाली, "ताई, तुझा आवाज असा आहे की नाही म्हणायची सोय नाही."

पुरुषमंडळी शनिवारी निघणार होती. आम्ही दोघी गुरुवारी निघालो.

तुम्ही जाणार असाल तर: तोक्योहून शिनकान्सेन या बुलेट ट्रेनने थेट इतोईगावा गाठता येतं. डब्यातली शेवटची रांग आधी बुक करा, तिच्यामागे पिशवीतली सायकल उभी राहते. प्रवासात ट्रेनचं तिकीट हाच मोठा खर्च. मुक्काम गावातल्या घरगुती निवासांत केलात तर दोन वेळच्या जेवणासकट फार महाग पडत नाही.

अनघा क्योतोहून येऊन मला इतोईगावालाच भेटली, आणि स्टेशनबाहेर आम्ही चाकं बसवली. अनघाची सायकल विद्यापीठात जायची साधी, पुढे टोपली असलेली. शहर मागे टाकलं की सायकलमार्ग लागतो. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आपण. आगगाडीचा रस्ता असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. वारा मात्र समोरून होता. मला तो बरा वाटला, जोर लावायला काहीतरी हवंच होतं.

नोऊ गावात रस्त्याकाठी उकडलेले लाल खेकडे विकणाऱ्या बायका बसतात. आम्ही एक घेतला आणि बाकावर बसून कात्रीने कापून खाल्ला. अनघाचं लहानपण रत्नागिरीत गेलेलं, तिने नांगीतला शेवटचा धागासुद्धा सोडला नाही. मी खात होते, पण डोक्यात "झेपेल का" चालूच होतं.

मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंनी आमच्यामागे दारापर्यंत पाहिलं आणि जपानीत विचारलं, "आणि यजमान?"

"ते येणार नाहीत," मी म्हटलं.

"कामात असतील."

"नाही. त्यांना बोलावलं नाही."

बाई म्हणाल्या, "आंघोळीचं पाणी गरम आहे. आधी तुम्ही जा."

दुसरा दिवस बोगद्यांचा. जुने, विटांचे, आत गारठा, छतावरून टपटप पाणी. दिवे लावा आणि मे महिन्यातही जाकीट ठेवा. एका लांब बोगद्याच्या मध्यावर अनघा थांबली. "ताई, ओरड. इथे कोण ऐकतंय?"

मी ओरडले. संदीपच्या नावाने, हर्षदच्या नावाने, थालीपीठं थापणाऱ्या माझ्याच हातांच्या नावाने. आवाज विटांवर आपटून दुप्पट होऊन परत आला. तेवढ्यात समोरून एक दिवा हलत आला. हेल्मेट घातलेले एक आजोबा सायकलवरून गेले आणि जाता जाता मान झुकवून म्हणाले, "कोन्निचिवा." अनघा हसून हसून भिंतीला टेकली. मीही हसले. बाहेर उजेडात आले तर राग तसाच होता, फक्त श्वास मोकळा झाला होता.

पुढच्या बंदरावर एक आजी दोरीवर समुद्री शेवाळ वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "मी मुलगी होते तेव्हा इथून गाडी जायची. कपडे वाळत घातले की काजळी बसायची." आम्हाला त्यांनी वाळलेल्या शेवाळाचा तुकडा चावायला दिला. खारट, थोडा गोड.

नाओएत्सुला रात्री पोचलो. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. संदीप.

"अगं, इचिकावा स्टेशनवर अडवलंय. सायकली अशा आत नेता येणार नाहीत म्हणतात. पिशव्या लागतात. तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. जेवताना. तू हसत होतास."

"बरं, आता काय करायचं?"

सगळा हिवाळा मी त्याच्यासमोर चाकं काढत होते, आणि त्याला पिशवी दिसली नव्हती. "मला माहीत नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. अनघाला आनंद झाला होता. मला झाला नाही. त्यांची फजिती मला नकोच होती. मला त्या दिवशी ताटावर कोणीतरी "हे बरोबर नाही" म्हणायला हवं होतं.

त्या दिवशी नाओएत्सुच्या पुढे साध्या रस्त्याने गेलो. भातशेतात नुकतंच पाणी सोडलं होतं, आभाळ खाली उतरल्यासारखं दिसत होतं. दुपारी उलट दिशांच्या गाड्यांत बसलो. फलाटावर अनघा म्हणाली, "ताई, घरी जाऊन गप्प बसू नकोस."

गप्प बसले नाही. ते तिघं इचिकावा स्टेशनवरूनच घरी परतले होते. त्याच रात्री संदीपला म्हटलं, "मला मागे ठेवायचं हे तुला इतकं सोपं का वाटलं?"

त्याने हातातला फोन उलटा ठेवला. मग म्हणाला, "तू रोज चालवतेस. मी वर्षभरात सायकलला हात लावलेला नाही. त्या दोघांसमोर तू पुढे गेली असतीस."

हे ऐकून राग जायला हवा होता. उलट वाढला. म्हणजे मला झेपेल की नाही, ही शंका त्याला कधी नव्हतीच. तसं त्याला सांगितलं. तो खाली मान घालून "हो" म्हणाला. या तीन दिवसांत मला मिळालेलं पहिलं सरळ उत्तर.

मांड्या अजून दुखतात, मानेवर उन्हाचा पट्टा आहे. राग आहे, पण आता तो कुणावर आणि कशासाठी हे मला नीट सांगता येतं. ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा जाणार आहे, या वेळी उलट्या दिशेने.

"मी येऊ?" संदीपने काल विचारलं.

"ये," मी म्हटलं. "मागे राहिलास तर मी थांबणार नाही."