काबरीच्या दुधाचं दही

भुरीबाईचे गुडघे गेले त्याला पाच वर्षं झाली, आणि दही बिघडलं त्याला दहा. गुडघ्यांचं तिला फारसं वाटत नव्हतं. सत्तरी गाठल्यावर ते कुरकुरणारच. दह्याचं मात्र मनाला लागून राहिलं होतं. महागाव तालुक्यातल्या तिच्या तांड्यावर एके काळी कुणाकडेही कार्य असलं की शेळीचं दही तिच्याच घरून जायचं. मडकं कलंडलं तरी न हलणारं! मग ते पातळ होत गेलं. तिने विरजण बदललं, मडकी बदलली. शेवटी बायका म्हणाल्या, "भुरीचा हात गेला." तिनेही ते मान्य करून टाकलं. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

उन्हाळ्यात यवतमाळच्या कॉलेजातून निकिता आली. शेळ्यांच्या दुधावर तिचं संशोधन चाललं होतं. तिने प्रत्येक शेळीचं दूध वेगळं मागितलं, वेगवेगळ्या वाट्यांत विरजायला सांगितलं. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. सगळं दूध एकाच मडक्यात जायचं. सकाळी सात वाट्या उघडल्या. सहांत पाणी सुटलेलं, आणि काबरी नावाच्या म्हाताऱ्या शेळीच्या वाटीत दही कसं, दगडासारखं बसलेलं.

भुरीबाईने ती वाटी हातात घेऊन कलंडवून पाहिली.

"आजी, तुमचा हात नाही गेला," निकिता म्हणाली. "दही घट्ट बसवणारं प्रथिन असते दुधात. कोण्या शेळीत जास्त, कोण्या शेळीत कमी. ते आईबापाच्या रक्तातूनच येते." तिने काबरीचं आणि तिच्या सहा महिन्यांच्या नर पिल्लाचंही रक्त घेतलं. भुरीबाई हसली. "त्याचं कायले घेतं पोरी? दूध का बोकड देते?" निकिता घाईत होती. दोन महिन्यांनी सांगते म्हणाली आणि गेली.

पावसाळ्यात काबरी पोट फुगून मेली. भुरीबाई त्या दिवशी जेवली नाही. मागे राहिला तो एक देखणा बोकड. आणि देखण्या बोकडाचं काय करायचं हे या घरात ठरलेलं होतं. दर साली सगळ्यांत चांगला बोकड खच्ची करायचा, खाऊपिऊ घालून पोसायचा आणि बकरी ईदला महागावच्या शकील व्यापाऱ्याला विकायचा. किडकिडीत उरेल तो कळपात फिरायचा, आणि शेळ्यांना पिल्लं त्याचीच व्हायची. तिच्या सासूनेही हेच केलं होतं.

निकिता परत आली ती धावतच. "आजी, काबरीच्या बोकडाले विकू नका! त्याच्यात तो गुण आईकडूनही आला, बापाकडूनही. त्याची सारी पिल्लं तो गुण घेऊन येतील. दोन-तीन वर्षांत तुमचं दही पहिल्यासारखं लागन."

भुरीबाई बोटांवर एकेक साल मोजू लागली. घट्ट दुधाच्या शेळीचं पिल्लूच भरदार निघायचं. दर साली चांगलं ते बाहेर आणि उरलेलं घरात. दही कुणी बिघडवलं ते तिला आता कळलं.

"त्याले खच्ची केलं, पोरी."

"कधी?"

"आठ दिवस झाले."

निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीच आधी सांगाले पाहिजे होतं," ती म्हणाली. भुरीबाईला रडूही आलं नाही, इतकी ती थकली होती. बोकड येऊन तिचा तळहात चाटू लागला. तिने हात मागे घेतला नाही. खच्ची करताना त्याचे पाय तिनेच धरले होते.