समासातला 'का?'

आमच्या मुळशी तालुक्यात माझ्या आत्याइतके खून कुणाच्या खाती नसतील. सातवीपर्यंत शिकलेली आणि कासारसाईत धरणाच्या रस्त्याला छोटं किराणा दुकान चालवणारी ही बाई आठवड्याला दोन तरी मुडदे बघते, तेही साखर जोखता जोखता. जवळच्या जांबे गावात खोल्या घेऊन राहणारी आयटीतली मुलं खोली सोडताना पुस्तकं रद्दीत टाकतात. त्यातल्या मराठी रहस्यकथा रद्दीवाला आत्यासाठी बाजूला काढून ठेवतो. पुस्तक हातात आलं की आत्या आधी शेवटचं पान वाचते. खुनी कोण ते कळलं, की मग पहिल्या पानापासून सुरुवात. मी एकदा म्हटलं, "आत्या, मग मजा काय राहिली?" तर म्हणाली, "कुणी मारलं ते पोलीस बघत्यात. का मारलं ते आपण बघायचं." जिथं पटत नाही तिथं ती समासात शिसपेन्सिलीनं 'का?' लिहिते. काही पुस्तकं तर छापलेल्या मजकुरापेक्षा तिच्या 'का?'नीच जास्त भरली आहेत.

ही सवय पुस्तकापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. पण कुणी दोन नारळ मागितले तरी ती चष्म्यावरून बघते. "येक देवाला. दुसरा कुणाला?" माणूस नारळाबरोबर घरातली सगळी भानगड सांगून जातो. शेजारणीचा कोंबडा गेला तेव्हा सगळी आळी चोर शोधत होती. आत्या म्हणाली, "चोर ऱ्हाऊ द्या. कुणाच्या घरी अचानक जावई आलाय, ते आदी बघा." संध्याकाळच्या आत कोंबडा सापडला, म्हणजे रस्सा सापडला.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. वार्षिक अंकासाठी मी एक रहस्यकथा लिहिली आणि भीत भीत आत्याला वाचून दाखवली. माझा खुनी वेडा होता. आत्या शेंगा निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "येडा म्हणून मारलं असं लिवलं की लिवणारा सुटतो. आगं, जगात येड्यांनी कितीसं मारलंय? समदं शाण्यांनी केलंय." मी म्हटलं, "जमिनीसाठी मारलं असं करू का?" "जमीन ही वस्तू हाय, पोरी. ती न्हाई मिळाली तर त्याला कशाची भ्या वाटती, ते शोध. तितं कारण असतंय." मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. ते माझ्याच कामी येईल, हे तेव्हा मला कळलं नाही.

त्याच सुमारास भुकूमच्या आमच्या जमिनीचा व्यवहार ठरला. त्यासाठी आत्यानं हक्कसोड द्यायची होती, म्हणजे माहेरच्या जमिनीतला हिस्सा मला नको, असं पौडच्या नोंदणी कार्यालयात लिहून द्यायचं. आमच्याकडे बहिणी असं देतात, भाऊ त्यांना साडी घेतात आणि माहेर चालू राहतं. पण खरं सांगितलं तर आत्या 'का?' विचारेल, याची वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, धास्ती होती. ते मला म्हणाले, "तुझं ती ऐकते. नावाच्या दुरुस्तीला चल, एवढंच सांग. मी कागद घेऊन पौडात थांबतो." आणि जाताना साडीची पिशवी माझ्या हातात दिली.

आत्यानं एक शब्द विचारला नाही. दुकानाला कुलूप लावलं, आधार कार्ड ब्लाउजमध्ये खोचलं आणि पिशवी मांडीवर घेऊन माझ्या स्कूटीवर मागे बसली. ती काहीतरी विचारेल म्हणून मी मनात उत्तरं जुळवत होते. घोटवडं जवळ आलं तेव्हा कानापाशी आवाज आला, "दुरुस्तीला साडी लागत न्हाई."

मी गाडी चालवतच राहिले.

"दादाला काय पायजे ते मला ठावं हाय. तुला कशाची भ्या वाटती, ते सांग."

मी गाडी कडेला घेतली. "हक्कसोड आहे, आत्या," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. व्यवहार अडला तर फीचे पैसे येणार नाहीत, माझं शेवटचं वर्ष अडेल, असं दादा म्हणाले. मला शिक्षण सोडून घरी बसायचं नाही."

आत्या खाली उतरली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. खडीचे दोन डंपर धूळ उडवत गेले. ती माघारी फिरली, तर मी कोणत्या तोंडानं घरी जाणार होते? आणि ती आली, तर तिच्याकडे कोणत्या तोंडानं बघणार होते? धूळ बसली तशी ती पदरानं तोंड पुसून परत गाडीवर बसली. "चल. उन्हं चढली."

कार्यालयात साहेबांनी कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "राजीखुशीनं देताय ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?"

आत्या वडिलांकडे वळली. "दादा, घरी यिऊन का न्हाई मागितलंस?"

मागं रांग खोळंबली होती. "तू 'का?' म्हणून विचारलं असतंस," वडील चपलेकडे बघत म्हणाले. "मला सांगता आलं नसतं."

आत्यानं कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि यंत्रावर अंगठा ठेवला. "राजीखुशीनं," ती म्हणाली.

मी शेवटच्या वर्षाला प्रवेश घेतला. वार्षिक अंकाची कथा मात्र पुन्हा लिहिली. वेड्याला काढून टाकलं. आता त्यात एक मुलगी आहे, ती आत्याला स्कूटीवर बसवून खोटं बोलते. का बोलते, ते मी लिहिलं. आत्या हिस्सा का सोडते, ते मात्र मला लिहिता येईना. ती ओळ कोरी सोडली आणि वही दुकानात तिच्या गल्ल्याजवळ ठेवून आले, तिच्याकडे न बघता.

नवरात्र संपता संपता वही परत आली. मी आधी समास बघितले. एकाही पानावर 'का?' नव्हता. कोऱ्या ओळीवर शिसपेन्सिलीनं, तिच्या सातवीतल्या गोल अक्षरात लिहिलं होतं, "दिवाळीला माहेरी यायचं होतं."